आधी त्यायले विचारजो

दादा, परवा तुझी तेरवी झाली. वहिनीने उडदाचे वडे केले होते. माणसं जेवली आणि जाताना प्रत्येक जण मला एकच सांगून गेला, "आता वर्कशॉप तुलाच पाहायचं आहे, शोभाताई." मी मान हलवत होते आणि मनात तुझ्या नावाने बोटं मोडत होते. त्या भल्या लोकांना काय माहीत, तू जाताना माझ्या गळ्यात काय लचांड बांधून गेलास ते!

दवाखान्यात तोंडावरचा मास्क बाजूला सारून तू म्हणालास, "वर्कशॉप तू पाहजो, शोभे. पण आधी त्यायले विचारजो. ते हाव म्हणतील तरच." मी म्हटलं, औषधाची गुंगी आहे, बोलून राहिला काहीबाही. तर तू आदल्या दिवशीच वहिनीलाही तेच सांगून ठेवलं होतंस. म्हणजे मला पळवाट नको! पक्का माणूस. अरे, बावीस वर्षं तुझ्या टेबलासमोर टेबल टाकून बसले मी. कोणत्या गिऱ्हाइकाचा कोणता रोल कधी घासून परत येणार हे मला तोंडपाठ. आणि मी जाऊन कामगारांना विचारायचं? की बाबांनो, मी तुमची मालकीण झाले तर चालेल का? सख्खी बहीण आहे मी तुझी. एवढा राग आला ना दादा, तू शुद्धीत असतास तर तिथेच भांडले असते. नंतर तू शुद्धीवर आलाच नाहीस.

तुझी ही विचारायची खोड बाहेरच्या माणसाला सांगितली तर खरी वाटत नाही. आपलं काम काय, तर लोखंड लाटणाऱ्या कारखान्यांतले घासलेले रोल आणायचे, वेल्डिंगने भरायचे, लेथवर पुन्हा मापात आणायचे आणि परत पाठवायचे. हथखोजच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात हे काम करणारे किती तरी आहेत. बाकी ठिकाणी मालक फोनवर हो म्हणतो आणि मग आत जाऊन ओरडतो. तुझं उलटं. फोनवर मोठ्या कंपनीचा साहेब आणि तू "एक मिनट हां, साहब" म्हणून फोन माझ्या हातात कोंबून निघालास शेडमध्ये. ज्याच्या हातून काम होणार त्याच्याशेजारी उभा राहून विचारणार, "होते का रे? किती दिवसांत होते?" तो गडी हातातलं संपवणार, चष्मा कपाळावर चढवणार, रोलवरून हात फिरवणार, मग सांगणार. तोवर इकडे मी साहेबाशी ऊन-पाण्याच्या गोष्टी करत बसलेली.

"मालक तू आहेस का तो?" मी ओरडायचे.

"करनार तर तो आहे ना," तू म्हणायचास आणि फोन घेऊन साहेबाला सांगायचास, "नहीं साहब, दस दिन में नहीं होगा. सोलह लगेंगे." साहेब फोन आपटायचा. तू खुशाल डबा उघडायचास. मला तेव्हा तुझा तो डबा उचलून फेकून द्यावासा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

आणि फोरमनचं प्रकरण! ज्याला फोरमन करायचं त्याला फाटकाबाहेर उभं करायचं आणि त्याच्या हाताखाली जे काम करणार त्यांनी आत ठरवायचं. कोणती रीत ही? मामाचा सुनील आयटीआय करून आला, मामाने मोठ्या आशेने आपल्याकडे धाडला. घरचं पोरगं, शिकलेलं, एकदाचं त्याला बसवून टाकायचं ना? नाही. त्यालाही फाटकाबाहेर उभं केलंस. आतून सात जणांनी सांगितलं, हा पोट्टा हुशार आहे पण येता-जाता आईबापावरून शिव्या देतो, आम्हाला नको. तू बाहेर गेलास आणि सुनीलला जसंच्या तसं सांगितलंस, वर म्हणालास, "शिव्या बंद कर, सहा महिन्यांनी पुन्हा विचारू." तो कुठला थांबतोय! मामा माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही, दादा. अजून बोलत नाही. परवा तेरवीला आला, वाढलेलं जेवला आणि माझ्याकडे न बघता गेला. तू मोकळा, निस्तरायचं मी.

एकदा उद्योजकांच्या कार्यक्रमात तुला भाषणाला बोलावलं होतं, आठवतं? मागे मोठा फलक, 'लोककेंद्री नेतृत्व आणि शाश्वत वाढ'. मी चार दिवस बसून तुझ्यासाठी छान भाषण लिहून दिलं. तू सोबत कुणाला नेलंस? बिसाहिनला! ग्राइंडरवर काम करणारी बिसाहिन, नवी कोरी हिरवी साडी नेसून पहिल्या रांगेत. माइक हातात घेतलास, फलकाकडे वळून बघितलंस आणि मलाच विचारलंस, "हे लोककेंद्री म्हंजे काय वो शोभे?" सगळं सभागृह हसलं. मग म्हणालास, "मुझे बोलना नहीं आता. हमारे यहाँ क्या गलत है ये बिसाहिन बाई बताएगी." आणि ती बाई उठून खरंच सांगायला लागली, की बायकांच्या संडासाची कडी तीन आठवडे तुटलेली आहे. मी भुईत गेले होते रे. दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः पाना-पेचकस घेऊन कडी बसवत होतास, आणि वर मलाच म्हणतोस, "तुले माहीत होतं ना? मले काहून नाही सांगितलं?"

खरा संताप कशाचा होता सांगू? तुझं चालायचं. माझ्या हिशेबाने बुडायला हवं होतं, ते वाढत गेलं. मंदीच्या दोन वर्षांत आपल्या रांगेतली शटरं एकेक करून खाली आली. जे घाईने हो म्हणत होते त्यांचेच रोल परत येत होते, आणि मग माणसं सोडून जात होती. आपल्याकडून कोणी जात नव्हतं. एका शेडच्या तीन झाल्या, बापांच्या शेजारी पोरं लेथवर उभी राहिली. एकदा तुझ्यावर फोन आपटणारा तोच खरेदीवाला साहेब स्वतः आला, माझ्यासमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मॅडम, आपके यहाँ 'ना' सुनने को मिलती है, इसीलिए आपकी 'हाँ' पर मैं अपनी मिल चलाता हूँ." मी त्याला चहा दिला. तुला मात्र हे सांगितलं नाही. म्हटलं, आधीच शेफारलेला आहे.

आपल्याकडून कोणी गेलं नाही, असं म्हटलं. एक जण गेला. तिजऊ गेला. आणि दादा, आता ते सांगायचं आहे. बाकी सगळं मी त्याच्या आधीची टाळाटाळ म्हणून लिहीत आले.

नऊ वर्षं झाली. तू काकांच्या आजारपणात गोंदियाकडे गेला होतास. फोन धड लागत नव्हता. एका नव्या मिलचा माणूस आला, रोलांचा ढीग घेऊन. बारा दिवसांत हवे होते, आणि ते दिले तर वर्षभराचं काम आपल्याला. मला माहीत होतं, तिजऊला विचारलं तर तो नाही म्हणणार. पहिल्या दिवसापासून तुझ्यासोबत असलेला वेल्डर, रोल आधी सावकाश तापवणार, भरणार आणि मग चुन्यात गाडून दोन दोन दिवस ठेवणार. "जुड़ाए बर समे लागथे, दीदी," निवायला वेळ लागतो, हे त्याचं एकच पालुपद. मला त्या पालुपदाचाही कंटाळा आला होता. मी त्या माणसाला हो म्हटलं. शेडमध्ये जाऊन सांगितलं, दादाशी फोनवर बोलणं झालंय, त्याने होकार दिलाय.

तिजऊने तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "भैया ने हाँ बोला? बिना पूछे?"

"हाव," मी म्हणाले. डोळ्याला डोळा देऊन म्हणाले.

त्याने मुखवटा पुन्हा खाली ओढला. तू हो म्हटलंयस ना, मग झालं. त्या लोकांनी बारा दिवस घर पाहिलं नाही. रोल चुन्यात दोन दिवसांऐवजी दोन-चार तास राहिले. तू परत आलास तेव्हा शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडून गेला होता आणि आठ दिवसांनी मिलमधून फोन आला, रोल तडकले, एक तर चालू मशीनमध्ये तुटला. नशिबाने कोणाला लागलं नाही. तो माणूस इतका ओरडत होता की मला माझ्या टेबलावर ऐकू येत होतं. "हाँ किसने बोला था?"

तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाही. "मैंने," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलंस, हात जोडलेस आणि म्हणालास, चूक माझी आहे, मी न विचारता हो म्हटलं. मी ऑफिसच्या दारात उभी होते. तिजऊ तुझ्याकडे बघत होता, आणि तसं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. महिन्याभराने त्याने काम सोडलं. "आप ही नहीं पूछोगे, तो फिर काहे का अलग," मग आपलं वेगळं ते काय, एवढं बोलला आणि गेला. कुरुदला घरापुढे पत्रा टाकून फाटकं अन् खिडक्यांच्या जाळ्या करायला लागला. एवढा मोठा कारागीर! तुझा एवढा जुना सोबती! रस्त्यात भेटलात तर तू थांबायचास, तो सायकल पुढे दामटायचा.

तुला माहीत होतं हे मला माहीत होतं. माझ्याशिवाय दुसरं कोण असणार? मी रोज वाट पाहायची, आज बोलेल, आज बोलेल. एक शिवी घातली असतीस, ऑफिसातून हाकलली असतीस, तरी मी सुटले असते. तू काय विचारायचास? "डबा आणला का?" अरे, काहून असा? येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत फिरायचास, होते का, जमते का, काही चुकलं का. मला एकदाही विचारलं नाहीस की शोभे, असं काहून केलं? बहीण म्हणून झाकलंस, की मी कबूल करायची वाट पाहत होतास? वाट पाहत असशील तर नऊ वर्षं म्हणजे फार झाली, दादा. आणि मीही किती कोडगी. रोज समोर बसून ते रोल सोडून बाकी सगळ्यावर भांडले.

तेरवीच्या दोन दिवस आधी मी स्कूटी काढून कुरुदला गेले. स्मशानात तो आला होता, सगळ्यांच्या मागे उभा होता, तेव्हापासून मला चैन नव्हतं. तो एका जाळीला रंग देत होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. भैयाने हो म्हटलं नव्हतं, मी खोटं बोलले होते.

त्याने कुंचला डब्यात ठेवला. मग म्हणाला, "मोला काबर नइ बताइस ओ?" मला का नाही सांगितलं त्याने? पुन्हा म्हणाला, "नौ बछर, दीदी. नौ बछर मैं ओकर संग नइ गोठियाएंव." नऊ वर्षं बोललो नाही त्याच्याशी. आणि तो म्हातारा रंगाचे हात तसेच डोळ्यांना लावून रडायला लागला. मला माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. मी निघाले तेव्हा पाठीमागून एवढंच म्हणाला, "सबो झन ला बता." सगळ्यांना सांग.

तू असतास तर हेच म्हणाला असतास. म्हणून त्याचाही राग आला.

काल सकाळी मशिनी बंद करायला लावल्या. सगळे जमले. मी काय बोलायचं ते रात्री पाठ करून ठेवलं होतं, त्यातलं एक वाक्य धड आठवलं नाही. सांगितलं, की दादा म्हणाला तुम्हाला विचार, म्हणून विचारते, मी वर्कशॉप चालवू का? पण त्याआधी एक ऐका. आणि ते रोलांचं सगळं सांगितलं. तिजऊ माझ्यामुळे गेला, हेही. मग बिसाहिन पुढे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गलत करे हस, दीदी. अब बाहिर बइठ." चुकलीस तू, आता बाहेर बस.

बाहेर बस! मला! सुनील उभा होता त्याच फाटकाबाहेर मी विटांच्या ढिगावर बसले. समोरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. ओळखीचे दोघं-तिघं थांबले, "काय झालं ताई, इथे काहून बसून राहिल्या?" मी म्हटलं, तुमचं काम करा. तुला लाखोली वाहत होते मी, खरं सांगते. या वयात मला परीक्षेला बसवलंस. आणि मनात एकच, की ते नको म्हणाले तर मी कुठे जाऊ? बावीस वर्षांत मला दुसरं काही येतं का? दुर्गच्या शाळेत चांगली शिकवत होते. बाबा गेले, तू वर्कशॉप काढलंस आणि एका सकाळी माझ्या क्वार्टरवर येऊन म्हणालास, "उद्यापासून ऑफिस तू सांभाळजो." मी सांभाळलं. शाळेतल्या मुलांना नीट सांगून निघणंही झालं नाही. काल त्या विटांवर बसून हे सगळं वर आलं.

आत फार वेळ लागला. आवाज चढले, मध्येच कोणीतरी हसलंही. शेवटी मला बोलावलं. मी आत गेले तेव्हा सगळे अर्धगोल करून उभे होते. मी म्हटलं, बोला काय ते.

बिसाहिन म्हणाली, काही जण हो म्हणताहेत, काही जणांना तुझ्या जिभेची भीती वाटते, आणि रोलांचं ऐकून सगळ्यांनाच वाईट वाटलं. पण आमचं नंतर सांगू. मग ती माझ्या जवळ आली, तिचा तो ग्राइंडरच्या ठिणग्यांनी डागलेला हात माझ्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, "पहिली तैं बता, दीदी. तोर मन हे का?"

आधी तू सांग, तुझं मन आहे का?

दादा, मी भांडायला तयार होते, हाकलून घ्यायला तयार होते, याला तयार नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले, आणि मी भर शेडमध्ये भोकाड पसरलं. कोणी गडबड केली नाही. शेवटी मी पदर तोंडावरून फिरवला आणि म्हटलं, उद्या सांगते. "बने सोच के बता," बिसाहिन म्हणाली, नीट विचार करून सांग. सगळे आपापल्या मशीनवर गेले.

आता सकाळचे आठ वाजतायत. थोड्या वेळाने निघेन. मी त्यांना सांगणार आहे, माझं मन आहे. खूप आहे. तू सांगून गेलास म्हणून नाही आणि बहीण आहे म्हणूनही नाही. त्यावर ते काय म्हणतील माहीत नाही, नको म्हणाले तर तेही ऐकेन. पण तू उभा जन्म सगळ्या जगाला विचारत फिरलास आणि माझ्या क्वार्टरच्या दारात उभा राहून मला नाही विचारलंस. काय बिघडलं असतं रे? एकदा म्हणून तर बघायचं होतंस, येशील का शोभे?

मी तेव्हाही हावच म्हटलं असतं.